पाच बारांचं पिस्तूल

घोंगडीवर पिस्तूल ठेवलं आणि सगळ्यात आधी सोनबा पाटलानं त्याचे दात बघितले.

दात म्हणजे वरच्या सरकत्या झाकणावर, मागच्या बाजूला, बोटांची पकड बसावी म्हणून बारीक रेघा कापल्या होत्या त्या. सोनबानं त्या मोजल्या. अकरा भरल्या. बैलाला आठ असतात म्हणून तो जरा गोंधळला, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. मग त्यानं नळीत डोळा घातला, तसे महाडचे कमलाकरपंत बसल्या जागी हातभर उडाले. रिकामं असलं तरी असं बघू नये, म्हणाले.

"मागनं तर बघणारच हाय मी," सोनबा म्हणाला. "पुढनं नको का बघाय?"

गोठ्याच्या दारात शेणाचे हात घेऊन उभ्या ठकूबाईला हसू पण आलं आणि राग पण आला. तिच्या या धाकट्या भावानं जन्मात बैल सोडून दुसरं काही पारखून घेतलं नव्हतं. बायकोसुद्धा बापानं पारखली होती. आणि आता हा पिस्तूल पारखणार, आणि त्याच्या बदल्यात देणार काय, तर तिची चिमणी.

चिमणी म्हणजे म्हैस. नावाला चिमणी, अंगानं सावित्री नदीतल्या कातळासारखी. वीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर ठकूबाई कापडे गावी माहेरी परत आली, ती एका रेडीचं दावं हातात धरून. त्या रेडीची रेडी, आणि तिची ही चिमणी. बाकी जमीन, घर, पाटीलकी, सगळं सोनबाचं. उतेकरांच्या या घरात ठकूबाईचं म्हणून जे काय होतं ते चार पायांवर उभं होतं आणि शेपटीनं माशा मारत होतं. चिमणीच्या तुपाला महाडात ठकूबाईचं तूप म्हणत. सोनबाचं तूप कोणी म्हणत नव्हतं. म्हैस गेली की ती नुसती पाटलाकडची विधवा बहीण होणार होती, आणि तसल्या बहिणींना घरात काय म्हणतात ते तिला चांगलं ठाऊक होतं.

पण सोनबाच्याही गळ्याशी आलं होतं, हे तिला कबूल करावं लागत होतं. गावदेवी सोमजाईची पालखी शिमग्याला उठते ती उतेकर पाटलाच्या बंदुकीचे पाच बार ऐकून. आज्याच्या आधीपासनं ही रीत. पाचवा बार झाला की भोयांनी पालखी खांद्यावर घ्यायची, आणि एकदा घेतली की सगळी घरं फिरल्याशिवाय खाली टेकवायची नाही. गेल्या वर्षी आज्याच्या त्या ठासणीच्या बंदुकीनं पहिला बार नीट काढला. दुसरा ठासता ठासता भोयांना जांभया आल्या. तिसऱ्याला नुसता धूर निघाला, तो पण मागनं, आणि सोनबाची अर्धी मिशी घेऊन गेला, ती काही परत उगवली नाही. तेवढ्यात वरच्या वाडीच्या रावजीनं, म्हणजे त्यांच्याच चुलत्याच्या पोरानं, आपली दुनळी काढून उरलेले बार उडवले आणि गावकीत सांगून टाकलं, की मान आता वरच्या वाडीला द्या. गावकीनं मधला मार्ग काढला. यंदा उतेकर पाटलाच्या शेतातून पाच बार न अडखळता निघाले तर मान त्यांचा. एक जरी कमी पडला तर रावजीचा.

आणि उद्या पालखी उठायची होती.

म्हणून हे पिस्तूल. कमलाकरपंतांचे मामा जंगलखात्यात होते, ते वारले. त्यांच्या मागं राहिलं हे, आणि मामलेदारकचेरीतून कागद आला की परवाना असलेल्या माणसाला द्या नायतर जमा करा. सोनबाकडे परवाना होता, त्यावर 'एक हत्यार' एवढंच लिहिलेलं, कुठलं ते नाही. पंतांकडे नुकतंच बाळ झालं होतं आणि त्यांची बायको विनोदिनीबाई महाडच्या गवळ्याच्या दुधात रोज बोट बुडवून नवऱ्याला दाखवायची, की बघा, बोट दिसतंय. तेव्हा एकाला म्हैस पाहिजे, एकाला पिस्तूल. कुणाला कुणाची वस्तू कळत नव्हती, एवढीच काय ती अडचण.

पंतांनी पिस्तूल पुढं केलं आणि खिशातून चिठ्ठी काढली. म्हैस घेताना काय काय बघायचं ते विनोदिनीबाईंनी त्यात लिहून दिलं होतं. ते चिमणीच्या पुढं जाऊन वाचायला लागले. शिंगं, बघितली. डोळे, बघितले. कास, लांबूनच बघितली. चौथं होतं स्वभाव. आता तो कसा बघायचा हे चिठ्ठीत नव्हतं. पंत चिमणीच्या तोंडाकडे बघत उभे राहिले आणि चिमणी पंतांच्या छत्रीकडे.

"ठकूबाई," ते शेवटी म्हणाले, "मोकळेपणानं सांगा. काही खोड आहे का हिला?"

आता खोड होती. चांगली गावभर माहीत असलेली खोड होती. ठकूबाईशिवाय दुसरा कोणी धारेला बसला की चिमणी पहिली धार द्यायची आणि मग पान्हा चोरायची. वर आभाळाकडे बघत रवंथ करत राहायची, जशी काय म्हैस कोण, दूध कसलं. एवढं एक वाक्य ठकूबाई बोलली असती तर सौदा तिथंच मोडला असता. ते वाक्य जिभेवर आलंही. पण परक्या माणसासमोर आपल्या म्हशीची निंदा करायची, ती पण म्हैस समोर उभी असताना?

"काय खोड नाय," ती ताठ मानेनं म्हणाली. "असली म्हस तालुक्यात नाय."

बोलून झालं आणि तिला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

तिकडे घोंगडीवर पारख चाललेली. सोनबाचा थोरला भिकू शिमग्याला मुंबईहून आला होता. गिरणीत होता, आणि गिरणीच्या फाटकावरच्या पठाणाकडे पिस्तूल होतं म्हणून आपल्याला पिस्तुलातलं कळतं असं त्याचं म्हणणं होतं. "बाबा, हा आटोमाटिक हाय," तो म्हणाला. "एकदम फस्कलास. गारंटी."

"कोन देतो गारंटी?" सोनबानं विचारलं.

भिकू म्हणाला, गारंटी कोणी देत नसतो, ती असते.

पिस्तुलाच्या मुठीवर एक पक्षी कोरलेला होता. त्यावर बराच वेळ गेला. भिकूच्या मते तो गरुड होता. सोनबाला पण तो गरुडच पाहिजे होता, पण पोटात शंका होती. पंत म्हणाले, हे स्पेन म्हणून एक मुलूख आहे तिथलं, स्वस्तातलं आहे पण चांगलं आहे, आणि पक्ष्याचं मला माहीत नाही. ठकूबाईनं लांबूनच एकदा बघितलं. कोंबडी होती. अंड्यावर बसलेली.

मग सोनबाला मुठीवर दोन बाजूंना दोन स्क्रू दिसले आणि तो हिरमुसला. कारण कपाळावर एक भोवरा असला तर बैल लाभतो, दोन असले तर मालकाला खातो. भिकूनं समजावलं की बाबा हे भोवरे नव्हेत, स्क्रू हायत. सोनबा म्हणाला, असतील, पण दोन हायत.

शेवटी हैबतीला बोलावणं धाडलं. हैबती म्हणजे शेजारचाच, मोठ्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला. सगळा गाव त्याला हवालदार म्हणायचा आणि बंदुकीचा, तोफेचा, विलायतेचा कुठलाही प्रश्न त्याच्याकडेच न्यायचा. हैबती आला, मांडी घालून बसला, पिस्तूल हातात घेऊन पालथं केलं, खालनं बघितलं, नाकाला लावलं, मानेवर थोपटल्यासारखं नळीवर थोपटलं आणि कानाशी धरून हलवलं.

"तापट हाय," तो म्हणाला. "पन कामाचं हाय."

ठकूबाईनं मनात कपाळावर हात मारला. हैबतीनं एकदा भाकरी खाताना तिला एकटीला सांगितलं होतं, की तो चार वर्षं फौजेत होता ते खेचरांच्या पलटणीत. बंदूक त्यानं साहेबाच्या खांद्यावर बघितली होती तेवढीच.

हैबतीनं होकार दिला म्हणजे झालंच. सोनबा घोंगडीवरून उठला. त्यानं कातडी म्यान कमरेला लावून बघितलं, पट्टा आवळला, अंगणातून दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला त्याची चाल बदलली. ठकूबाईला ही चाल माहीत होती. असा चालायला लागला की सोनबाचा बैल ठरलेला असायचा.

तिनं स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथं दाराआड भावजय तुळसा उभी होती. तुळसाकडनं काही आशा नव्हती. म्हैस गेली तर तुळसाला बरंच वाटणार होतं, वीस वर्षं घरात दोन तुपं, दोन चाव्या आणि दोन मालकिणी. सकाळपासनं ती गुणगुणत होती, आणि तुळसा उगाच गुणगुणत नसे.

ठकूबाई पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली.

"वन्सं," तुळसा गोड आवाजात म्हणाली, "आता तुमाला पन जरा आराम. गोठ्यात कंबर मोडायची नाय, पाटं उठायचं नाय."

"होय गो," ठकूबाई म्हणाली. तिनं तांब्या खाली ठेवला आणि चुलीपाशी पाट ओढून बसली. नीट बसली, मांडी घालून. झाकण उचलून आमटीत बघितलं. "मीठ कमी हाय का गो हिच्यात? आन ही चूल अशी का पेटवतंस? बरं झालं, म्हस गेली म्हंजे दिवसभर हितंच बसेन तुज्यासंगट. तुला पन सोबत व्हईल."

तुळसाचं गुणगुणणं थांबलं. तिनं आमटीकडे बघितलं आणि आमटीवर वाकलेल्या नणंदेकडे बघितलं. मग पदर खोचून ती थेट अंगणात गेली आणि नवऱ्याला म्हणाली, की ती वस्तू वाजवून बघितल्याबिगर घरात आणायची नाय. मडकं घेताना बायका तीन वेळा वाजवतात, हे तर पिस्तूल हाय.

सोनबा बायकोकडे बघतच राहिला. सकाळी हीच बाई सौदा व्हावा म्हणून देवाला नारळ कबूल करत होती.

पंत म्हणाले, जरूर, एक बार काढून दाखवू. ते समजावून सांगायला लागले. उद्याची पाच वेगळी ठेवून आणखी पाच काडतुसं त्यांनी आणली होती, ती या डबीत भरायची, डबी मुठीत घालायची, वरचं झाकण एकदा मागं ओढून सोडायचं की पहिलं काडतूस आत जातं. मग चाप दाबला की बार. आणि मग गंमत म्हणजे रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते, आणि पुढचं काडतूस आपोआप आत जातं. माणसानं फक्त चाप दाबत राहायचं. एक बार बघितला की कळेलच.

ठकूबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं नीट ऐकलं. तिचे डोळे बारीक झाले.

"म्हंजे पयलं काडतूस आपून हातानं घालायचं," ती म्हणाली.

"हो."

"आन दुसरं ते आपलं आपून घेनार."

"अगदी बरोबर."

"मंग पयला बार बघून काय कळनार? तो तर आपलाच झाला. तिचा पयला बार म्हंजे दुसरा." तिनं पिस्तुलाला म्हशीसारखं 'तिचा' म्हटलं आणि कुणाच्या लक्षात पण आलं नाही. "पंत, पयली धार कुटलीबी म्हस देते. ते दूध सडातच असतंय. म्हस कळती ती दुसऱ्या धारेला. पाचबी काडून दाखवा."

हैबती हळूच म्हणाला, हे बराबर हाय. त्याला एकदम खेचरं आठवली असावीत, पहिला चढ सगळीच चढतात. भिकूनं पण मान हलवली. सोनबाला बहीण चारचौघांत मध्ये बोलली याचा राग आला होता, पण पाच बार हा शब्द ऐकल्यावर त्याचा हात आपोआप अर्ध्या मिशीकडे गेला.

पंत काडतुसं मोजकी असल्याचं बोलले, मग उन्हाचं बोलले, मग पोलादपुराहून सुटणाऱ्या मोटारीचं बोलले. ठकूबाईनं पाचाच्या खाली काही ऐकलं नाही. शेवटी सगळे खाली खाचरात गेले.

भातकापणीनंतरचं रिकामं खाचर, बांधावर एक काळं मडकं पालथं घातलेलं. चिमणीला पण खाली आणलं होतं, कारण बार झाले की दावं तिथंच पंतांच्या हातात द्यायचं असं सोनबाचं ठरलेलं. वरच्या टेपावर, टेकाडाच्या माथ्यावर, सोमजाईचं देऊळ. पालखी सजून तयार होती, चांगू गुरव गोंडे बांधत होता, आठ भोई पालखीच्या दांड्यापाशी बिड्या ओढत बसले होते आणि ढोलवाले कातडी तापवत होते. उद्याची तयारी.

पहिला बार सोनबानं काढला. डोळे मिटून काढला, पण काढला. फाडकन आवाज झाला, समोरच्या उडवीतून पेंढ्याचा धुरळा उठला, मडकं होतं तिथंच. सोनबा हसला. दुसऱ्यांदा चाप दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही.

सगळे वाकून बघायला लागले. रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता झाकणात अडकली होती, दारात मान सापडलेल्या बोक्यासारखी. पिस्तूल ना उघडं, ना बंद.

ठकूबाई चिमणीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. जिंकल्यावर गप्प राहायचं, हे तिला चाळिशीत कळलं होतं.

पंत घाम पुसत म्हणाले, असं कधी होत नाही, तेल कमी पडलं असेल. हैबतीनं तुळसाकडून घरातली सांडशी मागवून घेतली आणि दात काढतात तशी ती पुंगळी उपटून काढली. झाकण खट्कन पुढं गेलं. पंतांनी पिस्तूल हातात घेतलं, बांधाकडे धरलं आणि सोनबाला सांगायला लागले, "हे बघा, बोट अजून चापावर ठेवलेलंसुद्धा नाही. आता मी सावकाश..."

आणि पिस्तूल सुटलं.

एक नाही. फाड फाड फाड फाड, चारच्या चार, एका दमात, मूठभर फुटाणे तव्यात टाकावेत तसे. नळी वर वर जात होती आणि पंत तिच्यामागनं. पहिल्या गोळीनं मडकं फुटलं. दुसरी बांधावरच्या आंब्यात. तिसरी पंतांच्या स्वतःच्याच छत्रीतून आरपार गेली, ती त्यांनी डाव्या हातात उघडी धरली होती. चौथी आभाळात, देवाघरी. सोनबा पालथा पडला होता. भिकू हैबतीच्या मागं होता आणि हैबती भिकूच्या. चिमणीनं दावं तोडलं, खाचर पार केलं, पंतांचं उपरणं शिंगावर घेतलं आणि तडक गोठ्याकडे गेली.

मग धूर विरला. पंत तसेच उभे होते, हात पुढं, डोळे मिटलेले. आणि त्या शांततेत वरनं, देवळाकडनं, ढोल वाजायला लागला.

सगळ्यात आधी ठकूबाईच्या डोक्यात उजेड पडला. एक आणि चार.

वर चांगू गुरवानं गोंडे बांधता बांधता पाच बार मोजले होते, पाटलाच्याच शेतातनं. आधी एक, मग जरा विसावा, मग चार. त्याचे हात थांबले. त्यानं भोयांकडे बघितलं. भोयांच्या सात पिढ्या पाचव्या बारावर उठत आल्या होत्या. डोक्याला कळायच्या आत त्यांचे गुडघे उठले. बिड्या फेकल्या आणि पालखी खांद्यावर. आता उद्याची पुनव राहिली तिकडेच, पालखी टेकवायची सोय नव्हती. ती टेपावरून झुलत झुलत खाली यायला लागली, मागं ढोल, मागं पोरं, आणि निम्मा गाव हातातली कामं टाकून.

रावजी वरच्या वाडीत दाढीला बसला होता. तो धावत आला तेव्हा त्याचा एक गाल साफ आणि एका गालावर साबण होता. अर्ध्या मिशीच्या सोनबासमोर तो उभा राहिला तेव्हा दोघांत मिळून एक माणूस नीट झाला असता.

"हे खोटं हाय," रावजी धापा टाकत म्हणाला. "बार उद्या काडायचे हुते."

चांगू गुरव म्हणाला, बार झाले की पालखी उठते, रीत एवढीच, तारीख देवीनं कधी विचारली नाही. न अडखळता निघायचे होते, रावजी म्हणाला. एकापाठोपाठ चार निघाले, असे आजपर्यंत कुणाचे निघालेत, चांगू म्हणाला. रावजीनं आजूबाजूला बघितलं. त्याला पंतांच्या हातातलं पिस्तूल दिसलं आणि त्याचा साबणाचा गाल उजळला.

"पिस्तूल तर या महाडच्या पंताच्या हातात हाय. बार परक्या मानसानं काडले. मान उतेकर पाटलाचा कसा?"

हे खरं होतं. भोई झुलायचे थांबले. सोनबाचं तोंड एवढंसं झालं. तो पंतांकडे बघत होता, पंत पिस्तुलाकडे, आणि सगळे सोनबाकडे.

ठकूबाई पुढं झाली. तिनं पदर सारखा केला. खाचरात तिचे पाय पेंढ्यात रुतले तरी ती सावकाशच चालली, कारण तिला एकदाच बोलायचं होतं.

"पयला बार माज्या भावानं काडला. समद्यांनी बघितला. मागचे चार." ती पंतांसमोर उभी राहिली. "पंत, देवी समोर हाय. खरं सांगा. चाप तुमी दाबलात का?"

पंत महाडचा माणूस, डोकं चालत होतं. दाबला म्हणावं, तर पिस्तूल चांगलं ठरतं, पण पाटलाचा मान जातो, आणि मान गेलेला पाटील ते घेऊन काय करणार. नाही दाबला म्हणावं, तर मान राहतो, पण आपणहून उडणारं पिस्तूल शहाणा माणूस घरात ठेवत नाही. त्यांनी सोनबाकडे बघितलं. सोनबाला पण ते आत्ताच कळलं होतं. त्याचा हात कमरेच्या म्यानावर होता आणि डोळे पालखीवर, आणि दोन्हीच्या मध्ये त्याचं सगळं तोंड ताणलं गेलं होतं.

तेवढ्यात पालखी कलली. भोई म्हणतात की देवीनं ओढलं, रावजी म्हणतो की पुढच्या भोयाच्या पायात धोंडा आला. काय असेल ते असो, पालखी पंतांच्या अंगावर हातभर आली आणि सोमजाईचे चांदीचे डोळे त्यांच्या नाकासमोर थांबले.

"नाही," पंत म्हणाले. "मी नाही दाबला. बोटसुद्धा नव्हतं लावलं. बाळाची शपथ."

"मंग कुनी दाबला?" रावजी ओरडला.

"तूच सांग," ठकूबाई म्हणाली आणि तिनं पालखीकडे बघून हात जोडले.

चांगू गुरवानं जोडले. भोयांना जोडता येईनात म्हणून त्यांनी माना लववल्या. मग सगळ्या गावानं हात जोडले, आणि एकट्यानं कसं उभं राहायचं म्हणून शेवटी रावजीनं पण जोडले, गालावरचा साबण वाळत होता तरी. ढोल पुन्हा सुरू झाला. पालखी पहिल्यांदा पाटलाच्या दारात गेली, जशी जायची तशी.

तुळसानं तिला ओवाळलं आणि ओवाळता ओवाळता नणंदेला हळूच विचारलं, की आमटीत खरंच मीठ कमी होतं का. ठकूबाई म्हणाली, नाय गो, बराबर होतं.

पंतांनी जेवण केलं, उपरणं चिमणीच्या शिंगावरनं ठकूबाईनंच सोडवून दिलं, छत्रीला मात्र इलाज नव्हता. म्हैस घेऊन जा असं आता कोणी म्हटलं नाही आणि त्यांनी पण चिठ्ठी परत बाहेर काढली नाही. पिस्तूल ते कचेरीत जमा करणार होते, फडक्यात गुंडाळून, लांब धरून. पण सोनबा म्यानाचा पट्टा सोडेना. त्याला दोनदा सांगावं लागलं, तरी बक्कल सापडत नसल्यासारखं करत राहिला. शेवटी ठकूबाईला त्याची दया आली. तिनं तुपाची एक लोटी पंतांच्या हातात दिली, विनोदिनीबाईंना म्हणून, आणि म्यान ठेवून घेतलं. नुसत्या म्यानाला परवाना लागत नाही, हे भिकू खात्रीनं सांगत होता. गारंटी, म्हणाला.

पाडव्यापासून सोनबा ते लावून हिंडायला लागला. पोलादपूरच्या बाजारात लोक त्याच्याशी जरा हळू आवाजात बोलत. रावजी तर रस्ता सोडून चाले. आत काय आहे हे कोणी विचारलं नाही आणि सोनबानं सांगितलं नाही.

फक्त चिमणीला ते चाललं नाही. कातड्याचा वास आला की ती पान्हा चोरायची, ठकूबाई धारेला असली तरी. दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी ठकूबाईनं भावाला गोठ्याच्या दारातच थांबवलं.

"सोन्या, ते भायेर काडून ठेव. मंग आत ये."

पाटलानं एकदा मागं बघितलं, कोणी नव्हतं. त्यानं पट्टा सोडला, म्यान बाहेरच्या खुंटीला अडकवलं आणि मुकाट्यानं वैरणीचा भारा उचलून आत आला. मग रोजचंच तसं ठरलं.

धार झाल्यावर ठकूबाई हात धुऊन बाहेर आली. खुंटीवरचं म्यान तिनं उघडलं आणि आतला अडकित्ता काढला. सोनबानं बाजारातून नवा आणला होता, स्वस्तातला. एक सुपारी घेऊन तिनं पहिलं खांड कापलं. थांबली. मग दुसरं कापून बघितलं.

"चालतंय," म्हणाली, आणि परत आत ठेवून दिला.